इमानाची नोकरी

आमच्या वेळापुरात विमानाला इमान म्हणतात. विठोबाचा इठोबा होतो, तसंच हे. त्यामुळे आमच्या आळीतलं पोरगं बारामतीला शिकून पायलटचं लायसन घेऊन आलं, तेव्हा गावात बातमी फिरली ती 'पोरगं इमानाच्या धंद्यात पडलं' अशी. सोसायटीच्या एका माजी संचालकानं दचकून विचारलं म्हणे, "आँ? आन् खाणार काय मग?"

दुसरी अडचण 'पायलट' या शब्दाची. आमच्याकडं पायलट म्हणजे मंत्र्याच्या ताफ्यापुढं सायरन वाजवत पळणारी गाडी. पारावरच्या म्हाताऱ्यांनी पोराला विचारलं, "कुणाच्या म्होरं पळतो रं?" तो म्हणाला, "कुणाच्याच नाही." म्हाताऱ्यांना वाईट वाटलं. एवढं शिकून मंत्री मिळू नये!

या गोंधळात ज्याला सगळं समजलं होतं असा एकच माणूस गावात होता. तो म्हणजे तात्या, पोराचे चुलत आजोबा. २००७ साली एसटीतून निवृत्त. अकलूज आगार, ड्रायव्हर, पंचवीस वर्षं विनाअपघात, आणि त्याचा बिल्ला अजून सदऱ्याला लावून लग्नाला जाणारे. खाकी गेली, पण चाल गेली नाही. तात्या खुर्चीत बसले तरी उजवा पाय किंचित पुढं ठेवतात, आणि बोलता बोलता कुणी मुद्दा सोडून भलतीकडं निघाला की तो पाय हळूच दाबतात. समोरचा थांबतो. मी स्वतः थांबलोय.

आता पायलटच्या नोकरीची खरी हकीकत अशी, की लायसनला लागतात दोनशे तास, आणि दोनशे तास झालेली पोरं देशात पैशाला पासरी. पुढं एअरबस किंवा बोइंग यातलं एखादं विमान वेगळं शिकावं लागतं, त्याला पुन्हा लाखांत पैसे. मग जाहिरातीची वाट बघायची, परीक्षा द्यायची आणि कंपनी बोलावील त्या गावाला निघायचं. निवड कंपनी करते. पण हे तात्यांना सांगायची कुणाची छाती? पोराला अजून एकाही कंपनीचं पत्र आलेलं नसताना तात्यांनी स्टँडसमोरच्या कट्ट्यावर जाहीर केलं, "कुठं द्यायचं ते मी ठरवणार. चार स्थळं बघू. घाई न्हाय."

आणि त्यांनी खरोखरच स्थळं बघायला घेतली. कारखान्याची जुनी डायरी काढली, ऊसतोडीच्या तारखांच्या पानामागं एकेका कंपनीला एकेक पान दिलं. मोबाइलवर वाचून दाखवायचं काम माझ्याकडं.

पहिलं कलम घराण्याचं. "पयलं सांग, किती मेल्या?"

मी वाचत गेलो. किंगफिशर, २०१२ साली बंद. जेट एअरवेज, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं उड्डाण. गो फर्स्ट, मे २०२३. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन. तात्यांनी प्रत्येक नावावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "आरं, ह्या घरात दर चार-दोन वर्साला एक मयत हाय. आन् तू इथं पोरगं देतो म्हणतो?"

मी म्हटलं, तात्या, एसटी तरी कुठं फायद्यात आहे?

तात्यांचा उजवा पाय दाबला गेला. "एसटी तोट्यात हाय, पण हाय! १ जून १९४८ ला पुण्यास्नं नगरला पयली गाडी निघाली, ती आज बी निघती. नफ्यातली कंपनी कवाबी मरती. तोट्यात मुरलेल्या माणसाला मराण न्हाय."

अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे सापडणार नाही, पण वरची यादी समोर ठेवून त्यांना खोडून काढणं मला जमलं नाही.

एअर इंडियावर मात्र त्यांचा जीव बसला. जेआरडी टाटांनी १९३२ साली स्वतः विमान चालवून कराचीहून मुंबईला टपाल आणलं. १९५३ साली सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटांकडं गेली. हे ऐकून तात्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "एकुणसत्तर वर्सं सासरी काढली बिचारीनं. म्हातारपणी माहेरी आली. आता बापाला तिचं औषधपाणी बघावं लागंल." डायरीत त्यांनी लिहिलं: 'टाटा. घर चांगलं. मुलगी आजारी.'

दुसरं कलम मुक्कामाचं. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे ज्यानं ओढलंय त्यालाच ठाऊक. रात्री नऊला कुठल्यातरी शेवटच्या गावात गाडी लावायची, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नाहीतर गाडीच्या टपावर पथारी टाकायची, पहाटे पाचला थंडगार इंजिनाची समजूत काढायची. पायलट लोकांचा मुक्काम मोठ्या हॉटेलात असतो, स्टँडवरून न्यायला-आणायला गाडी येते, हे पोरानं सांगितल्यावर तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मच्छरदाणी देत्यात का?" पोरगं म्हणालं, तिथं डासच नसतात. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या क्षणापासून पोराच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास थोडा उडाला.

तासांचा हिशेब तर त्यांना मुळीच पटला नाही. पायलटला वर्षात हजार तासांच्या वर उडता येत नाही, असा नियम आहे. तात्यांनी बोटांवर भागाकार केला. "म्हंजी रोजचे तीन तास बी न्हाईत? आमच्या म्हशीला ह्याच्याहून जादा ड्युटी हाय." पोरानं समजावलं, की उडायच्या आधीचा-नंतरचा वेळ त्यात धरत नाहीत, रात्रीची झोप मोडते, पहाटे तीनला उठावं लागतं. "मोडती ना?" तात्या खूश झाले. झोप मोडत असेल तर ती नोकरी खरी.

पण मागच्या डिसेंबरात, २०२५ साली, तात्यांचा भाव एकदम वधारला. पायलटांना आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांची ४८ तास करायची, रात्रीची उतरणी कमी करायची, असे नवे नियम आले होते. ते पुरते लागू झाले आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणं काही दिवसांत रद्द झाली. टीव्हीवर विमानतळ बघावा तर आषाढीचं पंढरपूर, फक्त बॅगा जास्त आणि अभंग नाहीत. अख्खं गाव तात्यांकडं वळलं. तात्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला, आणि मग निकाल दिला.

"गाड्या हायत. पासिंजर हाय. डायव्हर मोजलं न्हाईत. नियम येनार हे म्हैत असताना ज्यानं ड्युट्या लावल्या त्येला आमच्या आगारात टायर मोजाय बसवला असता."

हे विश्लेषण मी नंतर इंग्रजी पेपरात वाचलं. तिथं ते दीड पान होतं.

तिसरं कलम, म्हणजे मोठा पेचप्रसंग, सीटचं. पोरानं बोलता बोलता सांगितलं, की विमानात कॅप्टन डावीकडं बसतो आणि मदतनीस पायलट उजवीकडं. तात्यांनी त्याला तिथंच थांबवलं.

"डायव्हर डावीकडं?"

"व्हय तात्या. कॅप्टन."

"आन् उजवीकडं?"

"मी. को-पायलट."

तात्यांनी कट्ट्यावर खडूनं चौकोन काढला. मागं सिटा काढल्या. दार काढलं. उजवीकडं स्टेअरिंगचा गोल काढून बोट ठेवलं. "बाळा, चौतीस वर्सं मी हितं बसलो. डावीकडं केबिनमदी कोन बसतं? वशिल्याचा पासिंजर. पोलीस, न्हायतर साहेबाचा मेव्हणा. तू पयल्या दिवसापासनं डायव्हर हायस. ते डावीकडचं काय बी नाव लावू दे."

पोरानं सांगून बघितलं. डावीकडं जायला वर्षं लागतात, कंपनी बदलली की नव्या कंपनीच्या सिनियॉरिटीच्या यादीत पुन्हा तळाला जावं लागतं, म्हणून पहिली कंपनी विचार करून धरावी, वगैरे. सिनियॉरिटी हा शब्द ऐकल्यावर मात्र तात्यांनी खडू खाली ठेवला. या शब्दापुढं एसटीतला माणूस चेष्टा करत नाही. बदली मागून दुसऱ्या आगारात गेलेल्या आणि तिथं दहा वर्षं मुक्कामीच ओढलेल्या एका दोस्ताची गोष्ट त्यांनी सांगितली आणि डायरीत मोठ्या अक्षरात लिहिलं: 'नंबर किती ते आधी विचारणे. पगार नंतर.' त्या सबंध डायरीत पोराच्या खरोखर उपयोगाची ओळ हीच होती.

एअरबस की बोइंग, हा वाद पायलट पोरांत तासन्‌तास चालतो म्हणे. तात्यांनी तो पाच मिनिटांत संपवला. बोइंगला पुढ्यात स्टेअरिंगसारखा दांडा असतो. एअरबसला तो नाही, कडेला एक छोटी मूठ, आणि पुढ्यातली जागा मोकळी. तिथं चक्क ओढून बाहेर काढायची फळी असते. जेवायला.

"म्हंजी म्होरं भाकरी आन् कडंला गाडी?"

"तसंच."

"आन् जेवताना गाडी कोन बघतं?"

"दुसरा बघतो. दोघं एकदम जेवत नाहीत. आणि बऱ्याच ठिकाणी दोघांचं जेवण पण वेगळं ठेवतात, एकाला बाधलं तर दुसरा धड राहावा म्हणून."

हे तात्यांना फार आवडलं. आयुष्यभर स्टँडच्या कँटीनची मिसळ ड्रायव्हर-कंडक्टर दोघांनी एकाच टेबलावर खाल्लेली; त्याचे परिणाम मोहोळच्या पुढं एकदा दोघांनी एकदमच भोगले होते. एअरबसवर बरोबरची खूण झाली.

शेवटचं कलम बाँडचं. कंपनी विमान शिकवते, त्याचे पैसे अंगावर ठेवते आणि अमुक वर्षं जायचं नाही असं लिहून घेते. शिवाय सोडायचं म्हटलं तरी मदतनीस पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस. पोराचा बाप हे ऐकून घाबरला. रान गहाण त्यानंच टाकलं होतं. तात्या शांत. "ह्यात नवीन काय हाय? मुकादमाची उचल हाय ही. उचल घेतलेला कोयता पट्टा पडंस्तवर फड सोडत न्हाय. वर्साची नोटीस म्हंजी सालगडी. पाडवा ते पाडवा. फकस्त कपड्याचे दोन जोड आन् चपला मालकाकडनं मागून घ्यायच्या." पोरगं म्हणालं, युनिफॉर्म देतात. "आन् चपला?" बूट आपले. "मग त्येवढं लावून धर."

इतकं झाल्यावर अट एकच उरली: कंपनीची गाडी आपल्या जिल्ह्यात आली पाहिजे. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, ते तात्यांनी मनाला लावून घेतलं होतं. उसाच्या मुलखानं इमानासाठी आपली चिमणी वाकवली, तर इमानानं निदान थांबा तरी द्यावा, असं त्यांचं म्हणणं. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा सुरू झालं तेव्हा त्यांनी कट्ट्यावर पेढे वाटले, आणि "पंढरपूर सोडून गोव्याला कशापायी?" असंही प्रत्येक पेढ्याबरोबर विचारलं. वेळापूरला थांबा का नको, हा प्रश्न त्यांनी दोनदा काढला. माळशिरसकडनं येताना धावाबावीच्या माळावर आषाढात सगळी पालखी पळत सुटते, "धावपट्टी तवापास्नं तयारच हाय."

पत्र आलं ते मार्चमध्ये. तात्यांच्या डायरीत जिचं पानच नव्हतं अशा एका लहान कंपनीचं. विमानं पंख्याची, सत्तर-बहात्तर माणसांची, जायचं लांबच्या राज्यात. एअरबस नाही, बोइंग नाही, टाटा नाही. दुसरं पत्र कुणाचंच नव्हतं. पोरानं भीतभीत फोटो दाखवला. तात्यांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ बघितला.

"पंखं भाईर हायत. फिरतंय का न्हाय ते दिसतं तरी. आन् माणसं किती म्हणला? सत्तर? उभं धरून आमची एसटी. जा. मी हेच काढून ठिवलं होतं."

पोरगं गेल्यावर आम्ही एकदा सोलापूरला गेलो. तात्यांना इमान उतरताना बघायचं होतं. विमानतळाच्या भिंतीबाहेर रस्त्याकडेला उभे राहिलो. बऱ्याच वेळानं एक विमान आलं. आपल्या पोराचं नव्हतं ते. ते खाली खाली यायला लागलं तसा तात्यांनी माझा दंड धरला, आणि चाकं टेकायच्या जरा आधी त्यांचा उजवा पाय रस्त्याच्या धुळीत खोल दाबला गेला. विमान थांबल्यावरच तो सुटला.

"उशिरा मारला," तात्या म्हणाले. "पर मारला."

येताना एसटीनंच आलो. तात्यांना पंचाहत्तरी उलटल्यापासून तिकीट नाही. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना ते बिल्लाही दाखवतात. पंढरपूरच्या पुढं त्यांनी मला पोराला फोन लावायला सांगितला आणि एवढंच विचारलं, "पंच्याहत्तरच्या वर तुमच्यात फुकाट नेत्यात का?" पोरगं म्हणालं, साहेबांना विचारून सांगतो. त्याला आता तीन महिने झाले.