सोळा बिटांचे नाना

आमच्या नानांना लग्नामुंजीत पंगतीला बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. वाढप्यांच्या हाका सुरू होतात तेव्हा नाना ट्रायपॉड खांद्यावर टाकून प्लग शोधत कार्यालयभर हिंडत असतात. २००५ साली ते बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी मिनीडीव्हीचा कॅमेरा घेतला. तेव्हापासून सांगलीतल्या आमच्या भावकीत बारशापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंत एकही कार्य त्यांच्या तावडीतून सुटलं नाही.

कॅमेरा काय, पुष्कळांकडे असतो. नानांचं वेगळेपण कॅसेट घरी आणल्यावर सुरू होतं. डीव्हीडी स्वतः बनवायची, आणि बनवताना आवाज कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचा याचा निर्णय आठवडाभर घ्यायचा. चित्राचं त्यांना फारसं नसतं. "डोळे मिटले की चित्र गेलं. कानाला पापणी असते का?" एवढं म्हणून ते वही उघडतात.

वहीत तीन खाती. पहिलं पीसीएम. "हे धारोष्ण दूध. काही काढलेलं नाही, काही घातलेलं नाही." दुसरं डॉल्बी डिजिटल, म्हणजे पिशवीचं. तिसरं एमपी टू, म्हणजे पावडरचं. व्हीसीडीवर तेच असायचं, असं सांगताना नानांचा चेहरा पाहुण्याच्या घरी पावडरचा चहा प्यायल्यासारखा होतो.

आता धारोष्ण दुधाला भांडं मोठं लागतं. ४८ किलोहर्ट्‌झ, सोळा बिट, दोन चॅनेल. सेकंदाला १५३६ किलोबिट. तासाला साधारण ६९० एमबी. डॉल्बी १९२ वर ठेवला तर तोच आवाज बरोबर आठव्या हिश्शात बसतो. धाकट्या नातवाची मुंज नानांनी तीन तास चित्रित केली होती आणि त्यातलं एक मिनिट कापायला ते तयार नव्हते. पीसीएमने दोन जीबीच्या वर जागा खाल्ली. चकती ४.७ जीबीची. उरलेल्या जागेत सगळी मुंज कोंबायची.

"नाना, चित्राचं काय होईल?"

"मुलगा कोण आहे ते कळल्याशी कारण."

भारनियमनाचे दिवस होते. रात्रभर चालणारं काम दोनदा अर्ध्यात गेलं, तिसऱ्यांदा चकती निघाली. संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसलो. बटू शांत उभा असेपर्यंत ठीक होतं. अक्षता पडू लागल्या आणि बटू, मामा, अंतरपाट सगळ्यांचे चौकोनी ठोकळे झाले. मातृभोजनाला आईच्या हातातला लाडू कुठला आणि मुलाचं नाक कुठलं, याबद्दल दोन मतं पडली.

आणि आवाज? तो मात्र उत्कृष्ट होता. कॅमेऱ्यालाच चिकटलेल्या माइकने जवळचं सगळं इमानाने टिपलं होतं. जवळ कोण, तर नाना. मंगलाष्टकं मागे कुठेतरी पुसट, पुढे स्वच्छ, खणखणीत, काहीही न काढलेला आवाज: "ओ मामा, सरका. सरका जरा. अहो, तुमचं डोकं!" तीन तास. मध्येच जनरेटर. मुलगा भिक्षा मागतो तेव्हा नाना कुणाला तरी विचारतात, मठ्ठा संपला का.

पुढे एकदा मी कॅमेऱ्याचा मेनू चाळत होतो. आवाजाची नोंद बारा बिटांवर होती, म्हणजे ३२ किलोहर्ट्‌झ. बहुधा दुकानातून आला तसाच होता. नानांनी सगळ्या मुंजी बारा बिटांत घेऊन सोळा बिटांत जपल्या होत्या. हे सांगावं की नाही, या विचारात मी दोन दिवस घालवले. सांगितलं. नाना गप्प बसले. रात्री फोन आला. "पातेलं मोठं असलेलं बरं. दूध उतू जात नाही."

डॉल्बी त्यांना पटत नव्हता असं नाही, पण त्या शब्दाने त्यांना फार छळलं. रे डॉल्बी १९६३ ते १९६५ भारतात संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार होता, १९६५ मध्येच लंडनला त्याने कंपनी काढली, टेपवरची खरखर घालवून नाव कमावलं; हे नाना कौतुकाने सांगतात. आणि आमच्याकडे डॉल्बी म्हणजे काय? ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. मिरवणुकीत ती गल्लीत शिरली की मांडणीतली भांडी आपली आपण सरकतात. गोंगाट कमी करण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या नावाचं आम्ही हे केलं! त्यामुळे "यंदा मुंजीला डॉल्बी लावावा म्हणतो," असं नाना बोलले तेव्हा काकू ताडकन म्हणाल्या, "अहो, घरात माणसं आजारी आहेत. काही नको. सनईच बरी."

मग न्यू जर्सीच्या भाच्यासाठी चकती करायची वेळ आली. तिकडे पाल चालत नाही, एनटीएससी लागतं, हे नानांना पक्कं ठाऊक. ठोकळ्यांचा अनुभव गाठीशी, म्हणून या वेळी मन घट्ट करून आवाज पावडरचा केला. आपल्याकडच्या प्लेअरला एमपी टू वाजवावाच लागतो. अमेरिकेतल्या प्लेअरवर तशी सक्ती नाही. हे वहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी फोन. "मामा, चित्र झकास आहे. आवाज अजिबात नाही." नाना खुर्चीत बसले. पलीकडून सूनबाईंचा आवाज आला, "राहू दे ना हो, पहिल्यांदाच निवांत पाहिली."

नाना असे राहू देणारे नव्हेत. रातोरात नवी चकती, १९२ वर डॉल्बी. पोस्टात फॉर्म भरताना 'आतील वस्तू' या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: डॉल्बी. खिडकीमागच्या माणसाने पाकीट हातात तोललं, उलटंसुलटं केलं, नानांकडे पाहिलं.

"एवढ्याशा पाकिटात मावला व्हय?"

नानांनी ते खोडून 'मुंज' असं लिहिलं.