साक्षगंधातली रोलेक्स

“समोरच्याईच्या पोट्ट्याची घडी पाह्यली का वो बाई तू?”

शेजारच्या काकूंनी मेथीची जुडी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. जुडी भिंतीवर आली म्हणजे विषय मोठा. ती निवडून होईपर्यंत सुटका नाही.

“पाहिली की. रोलेक्स आहे म्हणे. साक्षगंधात मुलीच्या वडिलांनी घातली.”

“रोलेक्स म्हनते! मी पंगतीत त्याच्या पुढ्यातच वरन वाढून राह्यली होती. वाढता वाढता पाह्यलं, तं सेकंदकाटा टुक, टुक, टुक. एका सेकंदाले एक उडी. माह्या बापानं जिंदगीभर घड्याच सुधारल्या. टुकटुक चालनारा काटा म्हंजे पोटात सेल. अन् सेलवाली रोलेक्स म्हंजे...” वाक्य तिथंच सोडून त्यांनी एक देठ कडकन मोडला.

काकूंचं माहेर कारंज्याचं. वडील घड्याळजी. शाळा सुटली की काकू त्यांच्या टेबलाशी बसायच्या आणि खाली सांडलेले मोहरीएवढे स्क्रू चिमट्यानं उचलून द्यायच्या. त्यामुळे कुणीही भेटलं की त्यांची नजर आधी मनगटावर जाते, चेहऱ्यावर नंतर.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळात सेल नसतोच. आत गुंडाळलेली स्प्रिंग हळूहळू सुटते, तिच्या जोरावर चक्र मागेपुढे हलतं आणि काटा बारीक बारीक टिचक्यांनी पुढे सरकतो. आजच्या बहुतेक रोलेक्सचं मशीन तासाला 28,800 ठोके घेतं, म्हणजे सेकंदाला आठ. डोळ्यांना तो काटा सरसर फिरताना दिसतो. काकूंच्या सासऱ्यांची एचएमटी जनता सेकंदाला पाच ठोके घेते. तिचा काटाही सरकतो, पण जरा थरथरत.

“पन वैनी, रोलेक्सनं सेलवाल्या घड्या काहाडल्याच नाही, असं कुठं हाय?” पलीकडच्या भिंतीवरून गुरुजींचा आवाज आला. गुरुजी रिटायर झाल्यापासून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि मग आमच्या गप्पांत भर टाकतात. “सत्त्याहत्तर साली काहाडली होती त्याईनं.”

“काहाडली होती ना जी! पन थे बंद होऊन वीस वर्सं झाले. नव्या डब्यातून, नव्या पट्ट्याची, वीस वर्सं जुनी घडी निंघन का?”

गुरुजी गप्प. काकूंनी दुसरी खूण सांगितली. रोलेक्सच्या तारखेवर काचेचा एक फुगवटा असतो, बारकंसं भिंगच ते. असली असेल तर तारखेचा आकडा अडीच पट मोठा दिसतो आणि ती खिडकी आकड्यानं भरून जाते. साक्षगंधातल्या घड्याळात भिंग होतं. आकडा मात्र भिंगाखाली असून नसल्यासारखा, इतुकसाच.

“अन् सहाच्या आकड्यापाशी, काचेच्या आत, एक बारीकसा मुकुट अस्ते. लेजरनं कोरलेला. डोळ्याले भिंग लावून, उजेडात घडी तिरपी केली तं कुठं दिसते.” ही खूण कंपनीनं या शतकाच्या सुरुवातीला आणली. “या घडीवर थो मुकुट मले वरनाच्या बादलीजवळून दिसला. चोर लय वरडून सांगते वो बाई, का मी चोर नाही.”

मी विचारलं, मग सरकता काटा दिसला की झालं का? काकूंनी मानेनंच नाही म्हटलं. पूर्वी नकली घड्याळात सरसकट सेल असायचा, म्हणून ही परीक्षा चालून जायची. आता चीनमधली स्वस्त ऑटोमॅटिक मशीनं हजार-दोन हजारांत मिळतात आणि ती नकलीच्या पोटात बसवली की काटा अगदी झकास सरकतो. म्हणजे टुकटुक काट्यावरून नकली पकडता येते. सरकत्या काट्यावरून असली सिद्ध होत नाही.

“वजनाचं काय मंग?” गुरुजींना हार मान्य नव्हती. “असली घडी हातात जड लागते.”

“गुरुजी, वजन वाढवाले काय लागते? आत लोखंडाचा तुकडा टाकला का झालं.”

“बरं. पन माह्या साडूच्या घडीवर चारच्या जागी चार उभ्या रेघा हायत. रोमन चार तं रेघ अन् व्ही असा लिहितात. म्हंजे थे नकली.”

यावर काकू इतक्या हसल्या की मेथी भिंतीवरून आमच्या बाजूला सांडली. घड्याळाच्या डायलवर चार रेघांचा चार ही जुनी रीत आहे. समोरच्या आठच्या आकड्याशी तो तोल साधतो, म्हणून भल्याभल्या कंपन्या आजही तसाच छापतात. गुरुजींनी बिचाऱ्या साडूला सात-आठ वर्षं उगाच नकली ठरवून ठेवलं होतं.

रॅडोचा विषय काढला तो मीच. आमच्या नात्यातले एक जण दुबईहून आले तेव्हा रॅडो घालून आले होते. विदर्भात रॅडोचा मान मोठा. काचेवर ओरखडा उठत नाही, यावर लोक पैज लावायचे. ती ख्याती उगाच नव्हती: 1962 मध्ये निघालेल्या रॅडो डायस्टारचं कवच टंगस्टन कार्बाइडचं आणि काच सफायरची, त्यामुळे किल्ल्यांच्या जुडग्यानं तिला काहीच होत नसे. काकूंच्या वडिलांकडे असं घड्याळ आलं की ते आधी डायलवरचा नांगर बघायचे. ऑटोमॅटिक रॅडोच्या डायलवर एक चिमुकला नांगर असतो. तो छापलेला नसतो, बारीक खिळ्यावर मोकळा बसवलेला असतो. मनगट हललं की नांगर डुलतो.

“नकलीत नांगर चिपकवलेला राह्यते. पन ध्यान ठेवजो, लय जुनी घडी असन अन् तेल वाळलं असन, तं असली नांगरही अडकून बसते. एका खुनेवर कोनाले चोर म्हनू नये.”

मग काकू एचएमटीवर आल्या. आमच्या गल्लीत रोलेक्स कधीकाळी एखादी, तीही साक्षगंधातली. पण जुनी एचएमटी घराघरात आहे, आणि हल्ली तिचीच नक्कल जोरात आहे. शहरातल्या पोरांना आजोबांच्या जमान्याचं चावीचं घड्याळ हवं असतं. कारखाना तर मिटला. केंद्र सरकारनं जानेवारी 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. मागणी आहे आणि पूर्वीसारखा माल निघत नाही, म्हटल्यावर जुनी मोडकी घड्याळं गोळा करून, डायल नव्यानं रंगवून, याचं मशीन त्याच्या केसमध्ये घालून विकणारे उभे राहिले. शौकीन लोकांत अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. फेवरल्युबा, सिको, एचएमटी, सगळ्यांचे हेच हाल.

काकू घरात गेल्या आणि सासऱ्यांची जनता घेऊन आल्या. मागचं झाकण त्यांनी सुरीसारख्या पातळ पात्यानं उचललं. आत पिवळसर पितळी रंगाची चक्रं, मध्ये चक्र टिकटिक हलतंय, आणि पट्टीवर बारीक अक्षरांत एचएमटीचा छाप, 17 ज्वेलचा उल्लेख. डायल मूळची: कडेनं थोडी पिवळी पडलेली, आकड्यांची छपाई मात्र भिंगाखाली अजून रेघेसारखी तीक्ष्ण.

“हे पाह्य. सोनेरी काटे कुठं कुठं काळे झाले हायत. डायल, काटे, झाकन, सारे संगच बुढे झाले. रंगवलेल्या घडीत डायल सोळा वर्साची अन् काटे साठ वर्साचे राह्यतात. भिंगातून अक्षरं फुगलेली, पसरलेली दिसतात. कधी कधी तं रंग असा लावते का एचएमटीनं जिंदगीत कधी काहाडला नाही.”

सोनं ओळखायची आपल्याला सवय आहे. आमच्या गावच्या पाटणी चौकात अंगठी घ्यायला गेलं तरी लोक आता सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर मागतात आणि मोबाइलवर तपासून बघतात. 1 एप्रिल 2023 पासून त्या नंबराशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. घड्याळाला असा सरकारी शिक्का नाही. ‘स्विस मेड’ लिहायला स्वित्झर्लंडमध्ये नियम कडक आहेत. 2017 पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग तिथला लागतो. पण ते दोन शब्द छापायला नकलीवाल्याला शाईखेरीज काय लागतं? आणि आपण भिंतीवर बसून ज्या खुणा सांगतो, त्या नकली बनवणाऱ्यानंही वाचलेल्या असतात. भारीतली नक्कल आता तारखेचं भिंगही बरोबर अडीच पटीचं लावते. ती उघडल्याशिवाय घड्याळजीलाही शंका येत नाही, आणि रोलेक्सचं झाकण काही सुरीच्या पात्यानं निघत नाही.

“म्हून माहा बाप म्हने, घडी पाहूच नका, घडी देनारा पाहा. बिल कुठलं? त्यावर दुकानाचा जीएसटी नंबर हाय का? गॅरंटी कार्डावरचा नंबर अन् घडीवरचा नंबर एकच हाय का? डब्यावर इम्पोर्टरचं नाव, पत्ता, एमआरपी हाय का? अन् सर्वात मोठी गोष्ट, उद्या भांडाले गेलो तं थो मानूस तिथंच सापडन का?”

रोलेक्स कंपनी स्वतः ऑनलाइन विकत नाही, नेमून दिलेल्या दुकानांतूनच विकते. आणि नवी रोलेक्स पाच-सहा लाखांच्या खाली सुरूच होत नाही. ‘फर्स्ट कॉपी’, ‘सेव्हन ए’, ‘मास्टर कॉपी’ ही सगळी नकलीचीच गोंडस नावं. गुरुजींनी इथं कायदा सांगितला: ट्रेडमार्क कायदा, 1999. खोट्या छापाचा माल विकणाऱ्याला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड.

“मग काकू,” मी हळूच विचारलं, “मुलीच्या बापाला कुणी फसवलं असेल का?”

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आला, म्हणजे खरी बातमी आत्ता.

“फसला नाही वो थो. त्याले पुरं ठावं होतं. पोट्ट्याच्या मामानं बैठकीतच म्हटलं होतं, बाकी काही नको, पोरगा पुन्याले राह्यते, त्याले एक रोलेक्स घालून द्या. आता बापाजवळ दोन एकर सोयाबीन. यंदा भाव काय भेटला, तुले माहीतच हाय. नाही म्हनलं तं सोयरीक मोडन, हो म्हनलं तं वावर जाईन. मंग त्यानं रोलेक्स मांगनाऱ्याले रोलेक्स लिहिलेली घडी घालून देली.”

गुरुजी भिंतीवर रेलले. “हुंडाबंदीचा कायदा एकसष्टचा. अन् एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बेंगळुरात घड्या बनवाले सुरुवात केली, थेही एकसष्टलेच. तवापासून लग्नात घडी मांगनंही सुरू हाय. आमच्या वेळेस सायकल, रेडिओ अन् घडी. एचएमटीची कांचन भेटली तं जवाय चार दिवस बाह्या दुमडून फिरे.”

“हो, पन थे कांचन असली होती ना जी!” काकू म्हणाल्या. “मांगनं तवाही वाईटच होतं. पन बाप जे पेलवन थे घेई, अन् जवाय वीस वर्सं त्यावर टाइम पाहे. आता टाइम मोबाइलात पाह्यतात अन् घडी फोटोसाठी पाह्यजे. मंग फोटोत तं हेही रोलेक्सच दिसते. कोनं कोनाले फसवलं, तू सांग.”

मला सांगता येईना. ज्यानं मागितलं त्याला किंमत माहीत होती, ज्यानं दिलं त्यालाही माहीत होती, आणि ज्यानं घातलं त्यानं बिल मागितलं नाही, यातच काय ते आलं. नकली घड्याळ ओळखायच्या खुणा काकूंनी दहा सांगितल्या. पण यातल्या कुणालाच ते ओळखायचं नव्हतं. मध्यमेश्वराच्या देवळाचं हे आमचं गाव, पृथ्वीची मधली रेघ इथूनच जाते असं जुनी माणसं सांगत आली. तिथं काट्याची चूक काकूंच्या नजरेतून सुटत नाही, बाकीचे पंगतीत पान बघून उठतात.

“मग त्यांना सांगायचं का आपण?”

“आपल्याले काय करायचं हाय? सोयरीक झाली, गोड झाली. पोरगी चांगली हाय. घडीपायी तिले बोल लागले तं पाप कोनाच्या माथ्यावर?” काकूंनी निवडलेली मेथी पदरात घेतली. “हां, पन पोट्टा उद्या थे घडी कोनाले असली म्हनून विकाले निंघाला, तं मी पह्यली जाऊन सांगन.”

इतक्यात समोरचं फाटक वाजलं. खुद्द नवरदेवाची आई रस्ता ओलांडून आमच्याकडेच येत होती. गुरुजींनी लगेच पेपर उघडला. काकूंनी जनता पदराखाली झाकली आणि मेथीचा भाव सांगायला सुरुवात केली.

“काकू, तुमच्या माहेरी घड्याचं दुकान होतं ना वो?” भिंतीपाशी येऊन त्यांनी मूठ उघडली. मुठीत तेच घड्याळ, काटे सव्वासातवर थांबलेले. “कालपासून बंद पडली पाहा. पोट्टा म्हनते, सेल गेला असन. यात कोनता सेल लागते?”

गुरुजींचा पेपर थरथरू लागला. मी मेथीत तोंड घातलं. काकूंनी मात्र घड्याळ हातात घेतलं, उजेडाला धरलं, उलटसुलट करून अगदी घड्याळजीच्या मुलीसारखं पाहिलं आणि म्हणाल्या, “आन वो माय, बसवून देतो. एवढी भारी घडी हाय, सेल तेवढा असली टाकू.”