मेंढ्या कुणाच्या?

माडग्याळच्या बाजारात गुरुजींना मेंढा घ्यायला पंधरा मिनिटं लागतात. नाक बघायचं (माडग्याळी जनावराचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार लागतं), जबडा उघडून दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, मग रुमालाखाली मालकाची बोटं दाबायची आणि दोर हातात घ्यायचा. एकही मेंढा वाईट निघाला नाही.

याच गुरुजींना जतमधलं घर घेताना वकील निवडायला एक वर्ष सात महिने लागले. शोध सुरू झाला तेव्हा शंभराचा बाँड चालत होता, संपला तेव्हा पाचशेचा लागत होता. शंभर-दोनशेच्या मुद्रांकावरची कामं सरकारनं ऑक्टोबर 2024 मध्ये पाचशेवर नेली, त्यात गुरुजींचा काही दोष नाही. पण काकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, अजून ते पटलेलं नाही.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झाले. नोकरी सगळी जत तालुक्याच्या पूर्व भागात, जिथं एकाच आवारात मराठी शाळा आणि कन्नड शाळा पाठीला पाठ लावून भरतात. छत्तीस वर्षं हजेरी घेतल्यामुळे समोर बसलेल्या माणसावर विसंबायची सवय त्यांना राहिलेली नाही. ‘हजर’ म्हणणाऱ्याचं तोंड ते वर बघून ताडून घेतात. घरात 1987 पासूनच्या वीजबिलांची दोऱ्यानं शिवलेली चोपडी आहे. मी त्यांचा शेजारी. माझ्याकडे मोटरसायकल आहे, एवढ्याच पात्रतेवर मी या प्रकरणात ओढला गेलो.

घर ठरलं होतं. जुन्या गावठाणात, पुढं सोपा, आत तीन खोल्या, मागं न्हाणी, दारात कडुनिंब. विकणारे दोघे भाऊ, वडील वारलेले, आईही नाही. भाव जुळला. पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, “बाबा, चांगला सॉलिसिटर गाठा.” सॉलिसिटर हा प्राणी मुंबईत, फोर्टाच्या आसपास आढळतो. जतला वकील असतात, आणि निबंधक कचेरीच्या बाहेर टेबल टाकून बसलेले बाँडवाले आणि दस्त लिहिणारे असतात.

त्यातल्याच एकानं गुरुजींची झोप उडवली. तो म्हणाला, “वकील कशाला पायजे गुरुजी? कायद्यात कुठं लिवलंय? दस्त कुणीबी लिवावा.” आणि तो खोटं बोलत नव्हता. 1908 च्या नोंदणी कायद्याला वकिलाची सही लागत नाही. कचेरी बघते ती देणारा कोण, घेणारा कोण, मुद्रांक भरला का, ओळखीची माणसं आली का. फोटो निघतो, अंगठा उमटतो, दस्त नोंदतो. पण देणाऱ्याच्या मालकीचं घर आहे का, त्याची जोखीम घेणाऱ्याची.

“म्हणजे,” गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, “परीक्षेला बसलेल्याचं फक्त हॉलतिकीट बघतात? पेपर तपासतच नाहीत?”

पेपर तपासणारा हवा, हे ठरलं. तो कसा शोधायचा? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. पाटीसुद्धा बेताची लागते. त्यामुळे डाळिंबाच्या औषधाची जाहिरात भिंतभर, आणि घराची जन्माची कमाई ज्याच्या हातात द्यायची त्याची पाटी वहीच्या पुठ्ठ्याएवढी. लोक मग न्हाव्याला विचारतात, चहावाल्याला विचारतात, एसटीत शेजारी बसलेल्याला विचारतात. गुरुजींनी कुणालाच विचारलं नाही. त्यांनी पद्धत बसवली.

पहिली अट : वकील आपला विद्यार्थी नसावा. या अटीनं निम्मं कोर्ट बाद झालं. “तो? त्याला सातवीत मीच वर ढकलला. आठ गुण पदरचे घातले.” दुसऱ्याबद्दल म्हणाले, “अक्षर बरं होतं, पण शेजारच्या पाटीवरचं.” ज्याचे गुण आपण वाढवले त्याच्याकडून आपलं घर तपासून घेण्यात त्यांना धोका दिसत होता, आणि मला तरी तो मुद्दा खोडता आला नाही.

उरलेल्यांना पारखायला आम्ही दिवाणी कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसलो. एका वकिलानं असा उलटतपास घेतला की साक्षीदार स्वतःचं गाव विसरला. मी प्रभावित झालो. बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, “चाललेलं भांडण कशाचं होतं?”

“घराचं.”

“त्या घराचं खरेदीखत कुणी लिहिलेलं?”

“यांनीच.”

“मग? मला कोर्टात जिंकणारा नको. ज्याचा कागद कोर्टाची पायरी चढत नाही, तो पाहिजे.”

हे वाक्य ऐकायला फार बरं, पण त्यानं आमचे पुढचे आठ महिने खाल्ले. कारण असा वकील कोर्टात दिसणारच नाही. म्हणून गुरुजी उलट्या बाजूनं निघाले. ज्यांनी घरं घेतली आणि सुखानं राहतात, अशांच्या दारात आम्ही जायला लागलो. “घर छान आहे. खरेदीखत कुणी केलं होतं?” माणूस डोकं खाजवायचा. आत आवाज द्यायचा, “अगं, आपला वकील कोण हुता गं?” आतून उत्तर यायचं, “मला काय ठावं? तुमीच गेलतासा न्हवं?” दहा-बारा घरं झाली. यल्लम्माच्या जत्रेत भेटलेल्यांनाही विचारून झालं. सुखी माणसाला वकिलाचं नाव आठवत नाही. आणि ज्यांना आठवत होतं, त्यांना नाव, गाव, फी, कुठल्या पानावर काय चुकवलं आणि पुढची तारीख कोणती, सगळं तोंडपाठ होतं.

गुरुजींनी हे वहीत लिहून खाली रेघ मारली : ‘नाव पटकन सांगतो, त्याची केस चालू आहे.’ हा सिद्धांत ते भेटेल त्याला सांगत सुटले.

मग त्यांनी मास्तरकीचं शेवटचं हत्यार काढलं. परीक्षा. घराच्या कागदांची फाइल तयार केली : सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, वडिलांनी 1974 साली घर घेतल्याचं खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या. आणि वडील वारल्यावर भावांची नावं ज्या नोंदीनं लागली, ते वारस नोंदीचं पान मुद्दाम काढून ठेवलं. पहिल्या कागदावर बाप, पुढच्यावर पोरं, मधे पोकळी. गाळलेल्या जागा भरा. जो ते पान मागेल, तो पास.

पहिल्या वकिलांनी फाइल चाळली, बंद केली, म्हणाले, “क्लिअर आहे. सोमवारी या.” गुरुजींनी बाहेर येऊन वहीत भोपळा काढला.

दुसरे विकणाऱ्यांनीच सुचवलेले. “आमचाच वकील घ्या की, दोघांत मिळून एकच फी.” गुरुजी म्हणाले, कबड्डीत पंच विरुद्ध संघाचा कप्तान असेल तर फी वाचते खरी. तिकडे गेलोच नाही.

तिसऱ्यांकडे मात्र गुरुजी रमले. त्यांनी फाइल बाजूला सारून थेट जतच्या डफळे सरकारांपासून सुरुवात केली. जत संस्थान 1948 ला विलीन झालं, 1949 ला आपण दक्षिण सातारा जिल्ह्यात, 1960 ला त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. घर जागचं हललं नाही, पण बारा वर्षांत त्याचा पत्ता किती वेळा बदलला बघा! मग मोडीतलं दप्तर, इनामं, सनदा. दीड तास. एका माणसाला इतकं माहीत असल्याचं पाहून माझा ऊर भरून आला. गुरुजी दारात म्हणाले, “मागं फार छान जातात. पण 1960 च्या पुढं आलेच नाहीत, आणि आपला घोळ आहे तो अलीकडं.”

चौथ्यांनी ते पान मागितलं! गुरुजींचा हात पिशवीत गेला, तेवढ्यात वकील म्हणाले, “नसलं तरी चालतंय, नंतर लावू.” हात तसाच बाहेर आला.

शेवटी काकूंनी मध्ये पडून मुदत घातली. श्रावणाच्या आत घर, नाहीतर त्या भाड्यानं खोली घेऊन जतला राहायला जाणार होत्या, एकट्या. मग कोर्टाजवळच्या एका अरुंद जिन्यावरची, वहीच्या पुठ्ठ्याएवढी पाटी आम्ही गाठली. वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. “गुरुजी, तुम्ही?”

विद्यार्थिनी. गुरुजींचं तोंड उतरलं. नुसती विद्यार्थिनी नव्हे, तर ही तीच, जिला त्यांनी चौथीत तासभर उभं केलं होतं. गणित असं होतं : एका शेतकऱ्याकडे चाळीस मेंढ्या होत्या, त्यानं पंधरा विकल्या, उरल्या किती? सगळ्या वर्गानं पंचवीस लिहिलं. हिनं हात वर केला. “गुरुजी, मेंढ्या त्याच्या एकट्याच्या होत्या, का भावाच्या पण?” गुरुजी म्हणाले, गणितात नाही ते विचारायचं नाही. ती म्हणाली, मग विकल्या कशा? तेव्हा उभी राहा.

आता बसा म्हणायची पाळी तिची होती. तिनं फाइल घेतली. पान उलटलं, परत मागं आली, पुन्हा पुढं गेली. “गुरुजी, बाप आणि पोरं, मधला कागद कुठाय?”

गुरुजींनी जादूगारासारखं पान काढलं. परीक्षा संपली असं त्यांना वाटलं. तिनं ते वाचलं आणि विकणाऱ्या थोरल्या भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला. मला वाटलं, बोजा विचारेल, कर्ज विचारेल.

“दादा, भाऊबीजेला कुठं असता?”

“अथणीला की. अक्काकडं.”

खोलीत कुणीच बोललं नाही. वारस नोंदीत दोन नावं होती, दोन्ही भावांची. पलीकडून दादा समजावू लागले, अक्काचं लग्न 1991 लाच झालंय, मुलींना हक्क 2005 पासून, तिचा काय संबंध? आणि हवंच असेल तर तिचं नोटरी केलेलं हक्कसोड घरात पडलंय.

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, 2005 चा इथं विषयच नाही. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीची. हे घर वडिलांनी स्वतःच्या पैशानं घेतलेलं, आणि मृत्युपत्र न करता ते गेले. अशा घरात मुलीला मुलाएवढाच वाटा 1956 च्या कायद्यानंच दिलाय. लग्न कधी झालं याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि घरातलं हक्कसोड रजिस्टर झालेलं नसेल, तर नोटरीचा शिक्का मारून ते कपाटात ठेवायलाच बरं. “अक्का खरेदीखतात लिहून देणार म्हणून तुमच्याबरोबर सही करतील. त्याशिवाय गुरुजींनी रुपया देऊ नये.”

गुरुजींनी खिशातून वही काढली. मी डोकावलो. शंभरपैकी शंभर दिले होते. नंतर खरेदीखताचा मसुदा आला तेव्हा त्यातले सहा ऱ्हस्वदीर्घापायी कापले, ते वेगळं. चतुःसीमेत ‘पश्चिमेस’ चुकलं होतं.

अथणीला मोटरसायकलनंच गेलो. अक्कांनी निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये भावांचा उद्धार केला. पैशाला त्यांची हरकत नव्हती, सहीलाही नव्हती. “घर इकायलाव, अन् मला गुरुजीकडनं कळतंय व्हय?” एवढंच त्यांचं म्हणणं. वाटा ठरला, शिवाय एक इरकल लुगडं ठरलं. तीस वर्षांचा शोध निघाला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली, मुदत गेली, कुणाची हरकत आली नाही. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30 हजार. गुरुजींनी चलन तीनदा वाचलं. फोटो काढताना त्यांनी डोळे मिटले, दुसऱ्यांदाही मिटले. ओळख द्यायला मी होतोच.

श्रावण लागायच्या आत काकूंनी दारातल्या कडुनिंबाखाली रांगोळी काढली.

गेल्या महिन्यात एक तलाठीभाऊसाहेब आले होते, रिटायर व्हायला आलेले. त्यांना जतमध्ये घर घ्यायचंय. गुरुजींनी हौसेनं सोपा दाखवला, न्हाणी दाखवली. चहा आला. भाऊसाहेबांनी सहज विचारल्यासारखं केलं, “खरेदीखत कुणी केलं हो?”

गुरुजींनी एका दमात नाव सांगितलं. जिना कुठला, पाटी केवढी, फी किती, चौथीतला हजेरी क्रमांक काय, सगळं.

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. कडुनिंबाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, “गुरुजी, पुढची तारीख कधीची आहे?”