डिकीतले दातृत्व

१२ इंची सबवूफरला जागा व्हावी म्हणून डिकीतली स्टेपनी घरी ठेवणाऱ्या तरुणाचा नागरी सत्कार व्हायलाच हवा. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर खोक्यावर १,००० वॉटचा आहे (खरे आरएमएस किती, हे विचारणे असभ्यपणाचे). १२ व्होल्टच्या बॅटरीकडून तो अशी वर्गणी उकळतो, की प्रत्येक ठोक्याला हेडलाइट अदबीने डोळे मिटतात. वाटपही न्याय्य: गाण्याचे शब्द काचेआड मालकापुरते, भिंती भेदणारा बास गल्लीला मोफत. निवासी भागातली रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा तर नुसती नंबरप्लेट थरथरूनच ओलांडते. पालिकेने आता घरोघरी एकेक वूफर बसवावा, म्हणजे गाडी निघून गेल्यावर नागरिकांना पोरके वाटणार नाही. ‘गेन जरा कमी ठेवा,’ असे बसवणारा कारागीर बजावत होता म्हणे. मालकाने हसून त्याला विचारले, ‘अजून वाढवू?’