उद्यमबागेचं बीड, खासबागेचा माग

सुताचा भाव, वीज, बाजारातली मंदी यांवर बोलायला पुढारी आहेत. बेळगावच्या खासबागेतला साधा मागवाला म्हणून माझी तक्रार फक्त पिकिंग नोजबद्दल आहे.

मुठीत मावणारा हा बिडाचा तुकडा. बॉटम शाफ्टवरच्या टॅपेटला बोल्टने आवळलेला असतो आणि फिरताना बाउलला ठोकर देऊन धोटा पलीकडे फेकतो. माग मिनिटाला दीडशे फेकी करत असेल, तर एका बाजूच्या नोजच्या वाट्याला ७५ ठोकरा येतात. आठ तासांच्या पाळीत ३६ हजार. एवढा मार खाणाऱ्याने थोडं टणक असावं, ही अपेक्षा बहुधा फार होत असावी. दिवाळीला बसवलेला नोज शिमग्याला गुळगुळीत. मग धोटा अर्ध्यात अडकतो, ताणा तुटतो आणि बोल लागतो विणणाऱ्याला.

उपाय जुनाच आहे. बीड ८५० ते ९०० अंशांवर तापवून धरायचं, तेलात बुडवायचं, मग दोनशेच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा उतरवायचा. दोनशे ब्रिनेलच्या घरातला कठीणपणा साडेचारशेच्या पुढे जातो. याच शहरात, उद्यमबागेत, फाउंड्र्यांची रांगच आहे. तिथलं कास्टिंग परदेशात जातं. खासबागेची वाट तेवढी त्याला सापडत नाही.

दुकानदाराला विचारलं, "हीट ट्रीटमेंट केलंय काय ओ?"

"भट्टीतनंच आलंय की!"

शेवटी मिस्त्रीने मनावर घेतलं. गॅसवर नोज लालबुंद केला आणि पाण्याच्या बादलीत सोडला. आधी चर्र, मग बारीकसं टक्. बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांना पाण्याचा दणका सोसत नाही, हे नोजने दोन तुकडे होऊन सांगितलं. "माल हलका होता," मिस्त्री म्हणाला आणि मजुरी घेऊन गेला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे त्यांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी कचरत. लोखंडाने जमिनीत विष भिनेल म्हणून. त्या शेतकऱ्यांना हसायचा अधिकार मला नाही. ते निदान विकत घेण्याआधी संशय घेत.

आता दुकानात सुधारित नोज आलाय. हिरवा ऑइलपेंट, वर 'एक्स्पोर्ट क्वालिटी'चा स्टिकर, वीस रुपये जास्त. झिजणार नाही ना, एवढंच विचारलं.

"रंगाची गॅरंटी माझी," दुकानदार म्हणाला.