येरवड्याचं वे-बिल

नळदुर्गात कुणी "येरवड्याला चाललोय" असं सांगितलं, तर समोरचा आधी गप्प होतो. मग आवाज खाली आणून विचारतो, "वकील केला का?" त्यात त्याचा दोष नाही. येरवडा म्हटलं की उभ्या महाराष्ट्राला दोनच जागा आठवतात. एक तुरुंग, जिथं २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. दुसरं मनोरुग्णालय. तिसरं एक आवार तिथं आहे, हिरवंगार, अठरा होलचं, पूना क्लबचं गोल्फ कोर्स. पहिल्या दोन ठिकाणी जायला ओळख लागत नाही, तिसऱ्या ठिकाणी लागते. ही माहिती नळदुर्गच्या मामांना साठी उलटून गेल्यावर मिळाली.

मामा एसटीचे निवृत्त कंडक्टर. उमेदीची वर्षं त्यांनी सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर तिकिटं फाडण्यात घालवली. रात्री वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, जुळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि अजूनही किराण्याच्या पावतीची बेरीज ते दुकानातच दोनदा करतात. त्यांचा भाचा पुण्यात एका कंपनीत आहे. भाच्याचे साहेब क्लबाचे सदस्य. साहेबांनी रविवारी खेळायला बोलावलं, म्हणून भाच्यानं फोन केला.

"मामा, तुम्ही पण चला. नुसतं चालायचं असतं हो. पाच तास."

"चालायला पुण्याला कशाला रे? किल्ल्याला चक्कर मारली की एकशे चौदा बुरूज होतात. फुकटात."

मामांच्या बोलण्यात तथ्य होतं. नळदुर्गचा किल्ला हे पायांना काम देणारं प्रकरण आहे. बोरी नदी अडवून, त्या बांधाच्या पोटातच इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ साली, पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात बांध भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आत महालात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. अशा गावच्या माणसाला एखाद्या तळ्याकाठच्या हिरवळीचं काय अप्रूप?

खरं तर गोल्फ नळदुर्गला यायचा राहिला तो थोडक्यात. कोलकात्यात १८२९ साली गोल्फ क्लब निघाला, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली निघाला. त्यानंतर अकरा वर्षांनी निजामाकडून नळदुर्ग इंग्रजांच्या हाती आलं आणि 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर इथं डेप्युटी कमिशनर म्हणून येऊन बसला. साहेब आला, खेळ आला नाही. आला असता तर किल्ल्याच्या उपळी बुरुजावरून पहिला फटका मारता आला असता आणि चेंडू शोधायला अर्धं गाव लागलं असतं.

राष्ट्रीय महामार्ग ६५ नळदुर्गहून सोलापूरमार्गे थेट पुण्याला जातो, सुमारे तीनशे किलोमीटर. मामांनी प्रवासात दोन कंडक्टरांना मोफत सल्ला दिला. बाकी सांगण्यासारखं काही घडलं नाही.

कपड्यांचा प्रश्न मात्र गंभीर होता. अशा क्लबांत जीन्स सहसा चालत नाही, शर्टाला कॉलर लागते. भाच्यानं त्यासाठी मॉलमधून बरीच महागडी खाकी पँट आणली होती. मामा आले ते एसटीच्या जुन्या गणवेशातली खाकी घालून, कडक इस्त्री करून. दोघं शेजारी उभे राहिले तेव्हा साहेबांनी मामांच्या पँटचं कौतुक केलं आणि ती कुठं मिळाली ते विचारलं. "महामंडळात," मामा म्हणाले.

खेळायला सुरुवात करण्याआधी सरावाच्या जागी मामांनाही काठी देण्यात आली. गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान असू नये आणि ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड असू नये, असा नियम आहे. ज्या होलमध्ये तो घालायचा त्याचा व्यास १०८ मिलिमीटर. चेंडू एवढा निवांत पडलेला, काठी एवढी लांब, आणि मारणारा धडधाकट. यात अवघड काय, असं जगात प्रत्येकालाच पहिल्यांदा वाटतं. मामांनी फटका मारला. चेंडू जागच्या जागी राहिला, मामा अर्धं वर्तुळ फिरले. सामान उचलणाऱ्या कॅडीनं टोपी ओढून चेहरा झाकला.

"काका, ताकद नका लावू," तो म्हणाला.

"मग काय लावू?"

याचं उत्तर जगातल्या कुठल्याच प्रशिक्षकाला दोन वाक्यांत देता आलेलं नाही. मामांनी काठी परत केली आणि साहेबांनी त्यांच्या हाती पेन्सिल आणि कार्ड दिलं. ते भाच्याचे आणि साहेबांचे मार्कर झाले. इथून खेळाला रंग चढला.

मार्कर म्हणजे दुसऱ्याचे फटके लिहिणारा. शेवटी त्याची आणि खेळाडूची, दोघांची सही लागते. या कागदाचं वजन किती, हे सांगताना साहेबांनी १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेची गोष्ट सांगितली. अर्जेंटिनाच्या रॉबर्तो दे व्हिसेन्सोनं शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर तीन फटके घेतले. त्याचं कार्ड लिहिणाऱ्या जोडीदारानं चुकून चार लिहिले. दे व्हिसेन्सोनं न तपासता सही केली. नियम असा की जास्तीचा आकडा लिहून दिला तर तोच कायम. एका फटक्यानं त्याची बरोबरीची संधी गेली आणि बॉब गोल्बी विजेता ठरला. टीव्हीवर लाखोंनी तीन फटके पाहिले होते, तरी कागदावर चार ते चारच.

मामांचे डोळे पाणावले. "बिचारा," ते म्हणाले. "वे-बिल न वाचता सही केली."

"आणि तपासनीस कोण असतो?" त्यांनी पुढं विचारलं.

"कुणीच नाही," साहेब म्हणाले. "बहुतेक वेळा रेफ्री जवळपासही नसतो. आपली चूक आपणच सांगायची."

हे मामांना पटलं नाही. चेकिंग पथकाशिवाय सरळ चालणारी गोष्ट त्यांनी उभ्या हयातीत पाहिली नव्हती.

पहिल्याच होलवर भाच्याची काठी चेंडूवरून वाऱ्यासारखी गेली. भाचा म्हणाला, "हा सराव होता." मामांनी कॅडीकडे पाहिलं. कॅडीनं आभाळाकडे पाहिलं. मारण्याच्या इराद्यानं काठी फिरवली की चेंडूला लागो न लागो, फटका धरायचा, हा नियम त्यानं हळूच सांगितला आणि मामांनी कार्डावर एक काढला. "चढला की तिकीट," ते म्हणाले. "पोचतो का न्हाई, ते मागचं मागं."

साहेब उदार होते. पुन्हा मार, पहिला सोडून दे, असं त्यांनी भाच्याला सुचवलं. मित्रांच्या खेळात याला मलिगन म्हणतात आणि नियमांच्या पुस्तकात याला जागा नाही. मामांनी ही सवलत नामंजूर केली. पुढं भाच्याचा चेंडू होलपासून वीतभर राहिला आणि साहेब म्हणाले, "दिला! उचल." एकास एक सामन्यात असं देता येतं, फटके मोजण्याच्या खेळात चेंडू आत घालावाच लागतो. कॅडीनं हेही सांगितलं. कॅडी आता मामांच्या बाजूला चालत होता.

तिसऱ्या होलवर झाडीत चेंडू हरवला. २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच मिळत. मामांनी घड्याळ काढलं. तीन मिनिटं झाल्यावर भाचा झुडपातून चेंडू हातात घेऊन बाहेर आला, तर मामा म्हणाले, "गाडी गेली. परत स्टँडवर जा." भाचा एका फटक्याच्या दंडासह मागं गेला. डोक्यावरून लोहगावच्या विमानतळाकडे एक विमान उतरत होतं, त्याच्या आवाजात तो जे पुटपुटला ते कुणाला ऐकू आलं नाही.

मग वाळूचा खंदक. किल्ल्याच्या गावचा माणूस खंदकाला घाबरत नाही, पण भाचा आता पुणेकर झाला होता. फटक्याआधी त्यानं काठी वाळूत टेकवून पाहिली. तसं टेकवायला मनाई असते. कॅडी खोकला. मामांनी दंडाचे दोन वाढवले.

"मामा! तुम्ही माझ्या बाजूचे का कुणाच्या?"

"मी महामंडळाच्या बाजूचा."

कॅडी हा माणूस गोल्फमध्ये सामान उचलणारा म्हणून दिसतो, पण कोर्सचं खरं ज्ञान बहुधा त्याच्याच डोक्यात असतं. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक, १९९१ सालचा अली शेर, हा दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणूनच वाढला, आणि १९९३ साली त्यानं ती स्पर्धा पुन्हा जिंकली. तरी आपल्याकडे या खेळाची ओळख अजून तोकडीच आहे. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्यातला, उदयन माने पुण्याचा, टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचे पुरुष गोल्फपटू हे दोघंच. तरी गावात नाव पोचलं ते अदिती अशोकचं. ७ ऑगस्ट २०२१ ला लोकांनी पहाटे उठून, नियम न कळता, तिला चौथी येताना पाहिलं. त्याच संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला फेकला आणि देश गोल्फ विसरला.

सोळाव्या होलवर वेगळंच झालं. साहेब उंच गवतात चेंडूपाशी उभे राहिले, थांबले, आणि हात वर करून म्हणाले, "मामा, माझा एक वाढवा. पाय ठेवताना चेंडू हलला." कुणी पाहिलं नव्हतं. कॅडीनंही नाही. मामा पेन्सिल धरून उभेच राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत "कंडक्टरसाहेब, माझं तिकीट राहिलंय" असं म्हणत मागून पुढं आलेला उतारू त्यांच्या वाट्याला आला नव्हता. भाच्यानं सांगितलं की हे काही नवं नाही. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सनं असाच, इतर कुणाला न दिसलेला फटका स्वतःवर लावून घेतला. मग बरोबरी झाली आणि छत्तीस होलच्या निर्णायक फेरीत तो एका फटक्यानं हरला. मामांनी हे दोनदा सांगायला लावलं. सतराव्यावर भाचा स्वतःहून म्हणाला, "मामा, एक धरा, काठी चेंडूला घासली." मामांनी धरला, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या पाठीवर थाप मारली.

भाच्याचा हिशोब ११२ होता. मामांच्या कार्डावर १३७ निघाले. बेरीज दोनदा उभी, एकदा आडवी झाली. दोघांच्या सह्या झाल्या.

एवढा पैसा आणि एवढं पाणी घालून वाढवलेली हिरवळ मूठभर लोकांनी वापरावी, हे काही मामांना पसंत पडलं नाही आणि त्यांनी तसं चहा पिताना साहेबांना सांगितलंही. साहेबांनी ते ऐकून घेतलं. ऑगस्टात बोरीला पाणी आलं की ते नर-मादी पाहायला नळदुर्गला येणार आहेत. वाचकांपैकी कुणी त्या सुमारास आलं आणि पाणीमहालात खाकी पँटमधले एक गृहस्थ भेटले, तर महालाच्या पायऱ्या किती, यावरून त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांचा आकडा तयार आहे आणि त्यावर सही झालेली आहे.