मशीन वर की मावशी वर?

"मागच्या पट्टीत संडास घेतला तर देवघराची भिंत त्याला चिकटतीये, बोला आता!"

हातात पाण्याचा पाइप, पदर खोचलेला आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक कोपर टेकलेलं. शेजारच्या वहिनींनी घर बांधायला काढल्यापासून आमच्या सकाळी अशाच सुरू होतात. त्या बांधकामाला पाणी मारायला येतात, मी ओटा तसाच टाकून बाहेर येते आणि विटा भिजेपर्यंत निम्म्या दापोडीची चौकशी होते.

प्रश्न तसा लहानच. अर्ध्या गुंठ्यावरचं बैठं घर पाडून आता दोन मजली होतंय. खाली हॉल, स्वयंपाकघर, अंघोळीची मोरी आणि मावशींची, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंची, खोली. वर दोन खोल्या, त्यांचा संडास-बाथरूम वरच. स्वयंपाकघराच्या मागे चार फूट रुंद, दहा फूट लांब अशी एक पट्टी उरते. ती सगळीच्या सगळी धुण्याभांड्याला ठेवायची, की तिचा एक तुकडा तोडून खालीही संडास काढायचा?

दादांचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं. चाकणच्या कंपनीत त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी मोशीला, चिखलीला फ्लॅट घेतले. एकाच्या वास्तुशांतीला दादा जेवून आले आणि तिथली ड्राय बाल्कनी बघून आले. मशीन, सिंक, वर कपड्यांच्या दोऱ्या, कोपऱ्यात झाडू. तेव्हापासून डोक्यात युटिलिटी बसलीये. स्वतःचा रुमाल कधी धुतला नाही, पण युटिलिटी दहा फुटीच पाहिजे!

वहिनीही त्याच बाजूला, पण त्यांचं कारण वेगळं. पाणी. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेनं पाणी दिवसाआड केलं, ते काही परत रोजचं झालं नाही. पवना धरणाचं पाणी नदीतून रावेतपर्यंत येतं, तिथून उचलून निगडीला शुद्ध होतं आणि मग आपल्या नळाला, तेही एक दिवस सोडून. त्यामुळे दोनशे लिटरचा पिंप हा घरातला मानाचा माणूस झालाय. "पिंप कुठं ठेवू ते आधी सांगा," वहिनी म्हणाल्या, "संडासाचं मग बघू. आणि खाली आणखी एक संडास म्हणजे आणखी पाणी!"

मी गप्प होते. खरं सांगायचं तर यात माझाही स्वार्थ होता. दहा फूट पुरले नाहीत तर बाजूची मोकळी सोडलेली जागा पत्रा टाकून आत घ्यायची, असं दादांच्या मनात होतं. म्हणजे तो पत्रा थेट या भिंतीपर्यंत. आमचा वारा बंद आणि गप्पाही बंद. मी एवढंच म्हटलं, "वहिनी, बेकायदा बांधकामांवरच्या शास्तीकरानं या शहरातल्या माणसांना किती वर्षं रडवलं, विसरलात का? २०२३ मध्ये तो माफ झाला म्हणून परत तेच सुरू करायचं?"

तेवढ्यात नाना आले. हे कोपऱ्यावरचे नाना, एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून रिटायर झालेले. राज्यात एसटीच्या अशा तीन कार्यशाळा: नागपूरची हिंगणा, संभाजीनगरची चिकलठाणा आणि ही आपली दापोडीची. सगळी हयात लाल गाड्यांच्या बॉडीवर काम करण्यात गेल्यामुळे नाना इंचाखाली बोलत नाहीत. खिशात टेप असतोच.

"दहा फूट म्हणता ना? धरा टोक." टेप सरळ वहिनींच्या हातात. "संडासाला चार फूट. मधली चार इंची भिंत. उरले पाच फूट आठ इंच. मशीन दोन फूट, सिंक दोन फूट. राहिले एक फूट आठ इंच. तुमचा पिंप केवढा?"

पिंप भिंतीशीच होता. नानांनी तोंडाशी टेप लावला. दोन फुटांना जरासा कमी.

"चार इंचांनी हुकतंय," नाना म्हणाले. "तेवढ्यासाठी घरात भांडणं?"

"संडासच तीन फुटांचा करा की मग."

"गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन फुटांत वळता येत नाही. भिंतीला धरायचा दांडा लावायचा, पुढं पाय सरळ करता यायला हवेत. आणि पाण्याचं म्हणाल तर वहिनी, माणूस वर गेला काय नि खाली गेला काय, पाणी तेवढंच लागतं! दोन संडास झाले म्हणून कुणी दोनदा जात नाही. जुन्या टाक्या एका दमात दहा लिटर ओतायच्या, आता तीन आणि सहा लिटरची दोन बटणं मिळतात."

यावर वहिनींकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी देवघर पुन्हा काढलं. दादांना वास्तुशास्त्रवाल्या कुणीतरी सांगितलंय, ईशान्येला संडास नको. पट्टी ईशान्येला नाहीच, वायव्येला आहे. पण देवांच्या पाठीला संडास ही गोष्ट मलाही जड जाते, खोटं कशाला बोलू? नानांनी तेही सोडवलं. देव समोरच्या भिंतीवर न्यायचे, या भिंतीला धान्याचं कपाट. देवांची अशी बदली केली तर चालते, वर ऑर्डरही लागत नाही.

खरी अडचण नानांनीच काढली, आणि ती ऐकून आम्ही दोघीही जरा गार पडलो. आपलं दापोडी दोन नद्यांच्या बेचक्यात. पवना इथंच मुळेला मिळते. मुळशीतून पाणी सोडलं तरी आपल्याला धास्ती, पवनेतून सोडलं तरी आपल्यालाच. २५ जुलै २०२४ चा पाऊस आठवतो? आमच्या गल्लीत रस्त्यावर पाणी यायच्या आधी चेंबरचं झाकण उचकायला लागलं होतं. नदी चढली की ड्रेनेजमधलं पाणी उलटं फिरतं आणि घरातलं सगळ्यात खालचं तोंड शोधतं. तळमजल्याचा संडास म्हणजे तेच तोंड.

"म्हणजे दादांचंच खरं!" वहिनी.

"दादांचं नाही, लेव्हलचं खरं. जोतं रस्त्यापासून दोन फूट वर घेतलंय ना? मग भांडं रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा दीड फूट तरी वर राहील. खालच्या संडासाची लाइन वरच्या उभ्या पाइपात जोडायची नाही, चेंबरपर्यंत वेगळी न्यायची. नाहीतर रस्त्यात चोकअप झाला की वरच्या मजल्याचं सगळं खालच्या भांड्यातून वर येतं. आणि चेंबरच्या आधी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. प्लंबर म्हणेल, काही गरज नाही. त्याला म्हणायचं, पुरात तू राहायला ये."

एवढा वेळ मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होत्या. घर होईपर्यंत ही मंडळी मागच्या गल्लीत भाड्यानं राहतायत. खोली वरच्या मजल्यावर, संडास खाली, जिन्याच्या तोंडाशी. मावशींना या विषयावर कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या आपणहून बोलायला लागल्या, तेही देहूपासून. माहेर त्यांचं तिकडचं.

"आम्ही पोरी होतो तेव्हा बायकांना एक तर उजाडायच्या आत जायचं, नाहीतर अंधार पडल्यावर. मग ते डॉक्टर आले, मापुसकर. दवाखान्यात बसायचं सोडून घरोघर संडास बांधा म्हणायचे. पहिले बांधले ते पहिल्याच पावसात ढासळले. गाव हसलं. पण माणूस हटला नाही, दुसरी तऱ्हा शोधली, पुन्हा बांधले. पुढं त्या संडासावर गॅसही काढला. आमची आई त्या गॅसवरचा चहा शेवटपर्यंत प्यायली नाही, पण संडासात जायला लागली."

ही मावशींची घरगुती आठवण. पण हे डॉक्टर खरेच होऊन गेले. १९६० च्या सुमारास सरकारी डॉक्टर म्हणून देहूला आले आणि सगळा जन्म संडासांच्या मागे लावला. मैल्यावर चालणाऱ्या त्यांच्या बायोगॅसचं नाव 'मलप्रभा'. कणकवलीच्या गोपुरीत संडासाचंच काम केलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांना त्यांनी गुरू मानलं. २०१७ मध्ये मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्यापासून देहू किती लांब आहे? पण आमच्या गल्लीत हे नाव नानांनासुद्धा ठाऊक नव्हतं.

"ते असू दे आई," वहिनी जरा घाईनं म्हणाल्या, "तुम्हाला काय हवं ते सांगा."

"मला काय हवं असणार? चार वाजल्यापुढं मी पाणीच पीत नाही. रात्री उठायला लागू नये म्हणून. जिना उतरायचा, मग चढायचा, तुझी झोप मोडायची. मधे लघवीला जळजळ झाली तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी प्या. पिऊ कधी?"

वहिनींनी पाइप खाली ठेवला. पाणी वाळूच्या ढिगात चाललंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्यापुढं वाद असा उरलाच नाही. आता प्रश्न मशीनचा होता, आणि तो मीच सोडवला याचं श्रेय मी सोडणार नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवरच न्यायचे आहेत ना? मग ओल्या कपड्यांची बादली खालून वर कशाला ओढायची? मशीन वरच्या मजल्यावर, बाथरूमबाहेरच्या बाल्कनीत. गच्चीवर ठेवलं असतं तर टाकी त्याच पातळीला आली असती, पाण्याला जोर राहिला नसता; एक मजला खाली ठेवलं की तो मिळतो. मशीन गेलं की खाली सिंक आणि पिंप ऐसपैस बसतात, वर एक फूट आठ इंच शिल्लक, केरसुणी आणि बादल्यांना.

दादा सेकंड शिफ्टवरून रात्री आले तेव्हा त्यांना हे ठरलेलंच सांगण्यात आलं. ते म्हणाले, "मग युटिलिटी?" वहिनी म्हणाल्या, "वर आहे. मशीनला गुडघे नाहीत." भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू आलं. बाजूच्या पत्र्याचा विषयही त्याच रात्री मिटला.

आता राहिलंय दार. नाना म्हणतात, ते बाहेर उघडणारंच पाहिजे, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि कुणालाच मदतीला जाता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येणारी हवी. मिस्त्रीला हे पटत नव्हतं, पण त्याला तसं सांगितलंय. सोमवारी चौकट बसतेय.